तार बसवायला तिसरा हात

बाबांच्या गिटारला तार बसवायची तर तीन हात लागायचे. देवाने बाबांना दोनच दिलेले, म्हणून शाळेत असल्यापासून तिसरा हात मुलीचा.

त्या गिटारच्या खालच्या टोकाला सूर लहरवणारी एक दांडी होती. तिचं हँडल दाबलं की सूर हेलकावे घ्यायचे. ऐकणाऱ्याला मजा, तार बदलणाऱ्याला सजा. तारेच्या टोकाचं पितळी कडं दांडीच्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक खिळ्यात अडकवायचं, तार दांडीवरून वळवून वर न्यायची, आणि ताण येईपर्यंत कडं तिथेच दाबून धरायचं. जरा ढील पडली की ते निसटलंच. म्हणून वर बाबा खुंटी पिळत आणि खाली ती अंगठा रोवून बसे. दर शनिवारी बाबा हॉटेलात वाजवत, तेव्हाही तीच जवळच्या टेबलाशी हजर.

आता दुसऱ्या शहरातल्या एका बुटांच्या कारखान्याने तिला बोलावलं होतं. इथे ती चामड्याचे नमुने कापायची, तिथे कापणाऱ्यांची प्रमुख होणार होती. सोमवारी कळवायचं होतं. हे तिने फक्त आत्याला सांगितलं होतं, तेही शपथ घालून. बाबांना सांगायला जीभ रेटत नव्हती. आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि बाबांचा सगळा जीव त्या शनिवारात. त्यात मागे एकदा तार तुटून खोळंबा झाला तेव्हा मॅनेजर हसत हसत म्हणाला होता, "पुन्हा असं झालं तर आम्ही रेकॉर्ड लावून भागवू हो." तो हसला होता, पण ते तिच्या मनात रुतून बसलं होतं.

मग तिने युक्ती काढली. ती काम करायची त्या इथल्या कारखान्यातून बुटाच्या तळव्याला लावतात तो स्पंज आणला आणि त्याची पाचर कापली. दांडी आणि गिटारचं अंग यांच्यामध्ये ती सारली की स्पंजच कडं दाबून धरायचा. शिवाय तारेचं टोक आधीच पेन्सिलीवर आकड्यासारखं वाकवून घ्यायचं.

"हे कशाला?" बाबांनी विचारलं.

"सहजच. मी कधी आजारी पडले तर?"

"तू कुठली आजारी पडतेस."

पहिल्याच प्रयोगात बाबांनी शहाणपणा केला. सगळ्या तारा एकदम काढल्या. हँडलखालची स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली आणि तारा जिच्यावर टेकतात ती, नुसत्या त्यांच्या दाबावर उभी असलेली घोडी सरकून सूर पार बिघडले. स्प्रिंग शोधताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. "एक काढायची, एक बसवायची, बाबा," ती कपाळ चोळत म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण त्यांना जमेल असं काही तिला वाटेना.

शनिवारी घशाचं निमित्त काढून ती दाराजवळच्या, पंख्यापासून आणि स्टेजपासून लांबच्या टेबलाशी बसली. मनाशी ठरवलं होतं, आज तार तुटली आणि त्यांनी एकट्याने बसवली तर जायचं. नाही तर नोकरी गेली खड्ड्यात. तार तुटावी म्हणून ती मनात विनवत होती आणि तुटू नये म्हणूनही. समोरची कॉफी निवून गेली.

दोन गाण्यांच्या मध्ये बाबा पाणी प्यायला स्पीकरमागे वाकले. टण्ण असा आवाज झाला. ते उभे राहिले तेव्हा सगळ्यांत बारीक तार लोंबत होती.

ड्रमवाल्याने प्रसंग ओळखून नुसताच ठेका धरला. बाबांनी लोंबती तार काढून स्पीकरमागे टाकली, खिशातून स्पंज काढला, नवी तार वाकवली, कडं अडकवलं, स्पंज सारला, खुंटी पिळायला घेतली. कडं निसटलं. मॅनेजरने ताटातून मान वर केली. ती अर्धी उठली, तोच बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तळहात दाखवला, बस म्हणून. ती बसली, पण दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून. दुसऱ्यांदा कडं टिकलं. तार ताणली गेली, सूर लागला आणि गाणं सुरू झालं. मॅनेजर पुन्हा जेवायला लागला.

कार्यक्रम संपल्यावर ती वायरी गुंडाळायला स्टेजवर गेली. स्पीकरमागे जुनी तार पडली होती. या गिटारची तार तुटायची ती घोडीजवळ, आणि तुटलेलं टोक ओढल्यासारखं बारीक, पिळलेलं असायचं. ही तार मधोमध तुटली होती आणि टोक सपाट होतं. रोज कापायचंच काम करणाऱ्या बोटांना ते लगेच कळलं.

"बाबा, ही तुटलेली नाही. पक्कडीने कापलीय."

बाबा गिटार पेटीत ठेवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुझ्या आत्याच्या पोटात कधी काही राहिलंय का?" ते म्हणाले. "आठवडाभर तू कामावर गेलीस की एकट्याने तार बसवून बघत होतो. चार तारा वाया घालवल्या. म्हटलं, तुझ्या डोळ्यांदेखत जमल्याशिवाय तू काही हलायची नाहीस."

"आणि जमलं नसतं तर? मॅनेजर समोर बसला होता."

"भीती मलाही वाटत होती. सोमवारी कळव त्यांना, येते म्हणून."

तिला रडू आलं आणि रागही आला, आणि आधी काय बाहेर काढावं ते कळेना. नेहमीच्या सवयीने तिने पेटीच्या मुठीला हात घातला. बाबांनी तो हात हलकेच बाजूला केला आणि पेटी स्वतः उचलली.