एमिलकाकांचा अर्धा डाव

स्टेलाकाकूंच्या दारात बर्फात घालायच्या बुटांचा ढीग पडला होता आणि आत अर्धं गाव संगणकाकडे टक लावून बसलं होतं. पडद्यावर पत्त्यांचा अर्धा डाव. एमिलकाकांनी मरणाच्या आदल्या दिवशी सोडलेला. काकूंनी तो पुरा केला, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. डाव परत अर्धाच. बायांनी छातीवर क्रूस काढले.

आमच्या सस्कॅचवान प्रांतातल्या या युक्रेनी गावात मेलेल्याचा जीव चाळीस दिवस घरात वावरतो, असं मानतात. काका जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यामुळे दुरुस्तीवाला कुणाला आठवलाच नाही. आठवल्या त्या मेलेल्यांशी बोलणाऱ्या, शहरातल्या मॅडम ऑरेलिया.

"आत्मा विजेवर चालतो, बायांनो," मॅडम म्हणायच्या, आणि एरवी वीज गेली की कंपनीला शिव्या देणाऱ्या बाया माना डोलवायच्या. मधेच पडद्यावर सूचना यायची : 'डिस्कवर लिहिता आले नाही.' हे म्हणे एमिलचेच शब्द. त्याला आवडेल ते तो ठेवतो, नावडेल ते पुसतो. मात्र यातल्या कशाची नक्कल काढायची नाही. काढली तर त्याचा जीव दोन जागी फाटेल.

ते शेवटचं वाक्यच धोक्याचं होतं. मी शेजारीण, बाळ होण्याआधी शाळेचे संगणक सांभाळायचे. काकांनी वाजवलेलं अकॉर्डियन, आणि होणाऱ्या नातीसाठी त्यांनी आपल्या आवाजात सांगितलेली गोष्ट, सगळं त्या एका डिस्कमध्ये होतं. दुसरीकडे कुठेही नाही. आणि ती डिस्क मरायला टेकली होती.

दुपारी बाळाला कडेवर घेऊन गेले. काकू एकट्याच पडद्यासमोर होत्या. म्हटलं, डिस्क बिघडलीय, आजच नक्कल काढू या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बिघडलीय तर बिघडू दे, पोरी. घरात कुणीतरी आहे, एवढं पुरे मला."

चहाचे दोन कप मांडलेले होते, आणि दुसरा माझ्यासाठी नव्हता.

संध्याकाळी मंडळी जमली तेव्हा मी एकच मागणी केली. काका गेल्यावर आठवड्याने जन्मलेल्या नातीचा फोटो काकूंच्या लेकीने व्हँकुव्हरहून पाठवला होता. तो या संगणकात ठेवा. मॅडमनी हसून मान डोलावली. "आजोबाला नात नावडेल होय?"

काकूंनी फोटो ठेवला. उघडून दाखवला, दिसत होता. यंत्र बंद केलं, पुन्हा लावलं. फोटो नाही.

मॅडम म्हणाल्या, आत्मा आज थकलाय. काकू हळूच म्हणाल्या, "एमिल तिला पुसेल? पाळणा करून ठेवला होता त्याने तिचा."

मग मी सांगितलं. अशा डिस्कमध्ये माहिती साठवणारे बारीक कप्पे असतात. ते झिजले की काही डिस्क स्वतःला कुलूप लावून घेतात : आतलं वाचू देतात, नवं लिहू देत नाहीत. संगणक नवी गोष्ट आपल्या तात्पुरत्या आठवणीत धरतो, म्हणून ती ठेवल्यासारखी दिसते. वीज गेली की ती आठवण पुसली जाते आणि डिस्कवरचं जुनंच वर येतं. डाव असो, फोटो असो, तिला सगळं सारखंच. पुढची पायरी म्हणजे वाचणंही बंद.

"काढ नक्कल," काकू म्हणाल्या.

नव्या डिस्कवर सगळं उतरेपर्यंत मॅडम निघून गेल्या होत्या. काकांचा आवाज उतरला, अकॉर्डियन उतरलं. पत्त्यांचा डावही आला, आणि आता काकूंनी हलवलेला पत्ता यंत्र बंद करून लावलं तरी हलवल्या जागीच राहत होता. दोन दिवसांनी जुनी डिस्क लावून पाहिली; संगणकाने ती ओळखलीच नाही.

चमत्कार संपला, तसं येणंजाणंही संपलं. आठवडाभर त्या घरी कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही, बाळाला ताप होता. गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "खरं कळलं ते बरंच झालं गं. पण त्या बाईच्या निमित्ताने माणसं तरी येत होती."

म्हणून सांगते. यंत्र अडलं तर आधी नक्कल काढा, मग बिघाड शोधा. त्यात कुणाचा जीव अडकलेला नसतो. आणि नवरा गेलेल्या बाईकडे जायला भूत लागू नये. नुसतं दार वाजवलं तरी चालतं.