देवाचा फ्यूज

मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला पुष्पाबाईंचं घर आहे आणि घरापुढे त्यांची गाडी उभी असते. गेले काही महिने गाडीला उभं राहण्याचीच जास्त गोडी लागली होती. दोन दिवस हात लावला नाही आणि मग किल्ली फिरवली, की आतून नुसतं 'टक्' व्हायचं आणि पुढे शांतता. मग गल्लीतली माणसं जमायची, धक्का मारायची, चहा प्यायची. चहा चांगला असल्यामुळे धक्क्याला माणूस कमी पडला असं कधी झालं नाही.

गाडी जुनी, मागे लांबलचक डिक्की असलेली. बाईंचे यजमान जीवरामभाऊ वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला होते तेव्हा त्यांनी ती घेतली. निवृत्तीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, तेव्हा पुष्पाबाईंनी साठीला टेकता टेकता ड्रायव्हिंग शिकून घेतलं. भाऊंचे डोळे यथावकाश बरे झाले, पण किल्ली काही बाईंच्या कमरेवरून उतरली नाही. आता भाऊ शेजारच्या सीटवर बसून ब्रेक मारतात. त्या बाजूला ब्रेक नाही, पण त्यांनी त्याचा बाऊ केलेला नाही.

बाईंचं माहेर रावेरजवळ. धाकटा भाऊ कौतिक याची तिथे केळीची बाग. मनात आलं की कुणाला न विचारता, कुणाची वाट न पाहता उठून माहेरी जायचं, हे सुख बाईंना आयुष्यात फार उशिरा मिळालं होतं. त्यामुळे त्या ते वाया घालवत नसत.

मागच्या खेपेला गाडी कौतिकच्या खळ्यातच बसली. ट्रॅक्टरने ओढून चालू करावी लागली. बाई घरी पोचायच्या आधी ही बातमी धुळ्याला पोचली. धुळ्याला त्यांचा मुलगा भूपेंद्र बँकेत आहे. त्याने फोनवर निकाल देऊन टाकला. येत्या रविवारी तो येणार, सोबत जुन्या गाड्यांचा व्यापार करणारा लोटनभाऊ येणार. शुक्रवारपासून गाडीला कुणी हात लावायचा नाही. रविवारी आईने सगळ्यांसमोर किल्ली फिरवायची. गाडी चालू झाली तर राहिली, नाही झाली तर लोटनभाऊ घेऊन जाईल, आणि पुढे आईबाबांना कुठे जायचं असलं तर भूपेंद्र स्वतः गाडी पाठवत जाईल. "मला फक्त आदल्या दिवशी सांगायचं," असं तो म्हणाला.

बाईंना बाकी सगळं मान्य होतं. आदल्या दिवशी सांगायचं, एवढंच मान्य नव्हतं. फोन ठेवून त्यांनी हितेंद्रला बोलावलं.

हितेंद्रचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गाडीत बॅटरी नवीकोरी होती, हे पाहून तो म्हणाला की मग बॅटरीचा दोष नाही. गाडी बंद असतानाही आत कुणीतरी गुपचूप करंट पीत बसलं आहे. भाऊंनी विचारलं, म्हणजे कसं? हितेंद्र म्हणाला, ठिबकची नळी चुकून चालू राहावी तसं. दिसत काही नाही, पण सकाळी विहीर खाली.

त्याने बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये मीटर जोडलं. बंद गाडीचा आकडा शून्याला चिकटून असायला हवा, असं त्याने सांगितलं आणि मीटरकडे पाहिलं. आकडा शून्यापासून चांगलाच लांब होता. हितेंद्रने बॉनेटवरून मान उंच करून पाहिलं, तर मागच्या सीटवर शेजारचे शालिग्रामनाना पेपर वाचत बसले होते. हवा यावी म्हणून त्यांनी दार उघडं ठेवलं होतं, आणि दार उघडं म्हणून त्यांच्या डोक्यावरचा दिवा लागला होता. आमच्या भागात दुरुस्तीला काढलेली गाडी मोकळी ठेवायची पद्धत नाही. कुणीतरी बसावंच लागतं, नाहीतर तिला वाईट वाटतं.

"नाना, उतरा. तुमच्यामुळे आकडा चढतोय," हितेंद्र म्हणाला.

"मी नुसता बसलोय बाबा. मी काय करंट पितो?" नाना म्हणाले. पण उतरले. उतरताना पेपरची घडी नीट केली, दार लावलं, आणि डोक्यावरचा दिवा विझला. सगळ्यांनी काचेतून डोकावून विझल्याची खात्री करून घेतली. आकडा थोडा उतरला आणि मध्येच थांबला. म्हणजे नानांव्यतिरिक्त आणखी कुणीतरी होतंच.

मग हितेंद्रने स्टिअरिंगखालचे फ्यूज काढायला घेतले. दार उघडल्यावर दिवा पुन्हा लागू नये म्हणून दाराच्या चौकटीतलं बटण त्याने चिकटपट्टीने दाबून टाकलं. एकेक फ्यूज काढायचा, मीटरजवळ उभ्या भाऊंना विचारायचं, परत बसवायचा. हॉर्नचा काढला, आकडा तोच. वायपरचा काढला, तोच. पंख्याचा काढला, भाऊंनी मान हलवली. असं करत दोनच राहिले. एक आतल्या दिव्याचा. तो दिवा तर विझलेला सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, त्याचा फ्यूज काढून काय उपयोग? आणि दुसरा देवाचा.

पुढच्या काचेखाली गणपती होता आणि त्याच्या मागे लाल-हिरव्या दिव्यांचं चक्र. किल्ली काढली तरी देवाजवळ अंधार होऊ नये म्हणून भाऊंनी ते थेट बॅटरीला जोडून घेतलं होतं. एका फ्यूजवर फक्त देव. गेला तासभर सगळे जण त्याच्याकडे पाहायचं टाळत होते. हितेंद्रने हात पुढे नेला आणि हॉर्नचा फ्यूज पुन्हा एकदा तपासून पाहिला. नाना आभाळाकडे बघू लागले.

शेवटी पुष्पाबाईच बोलल्या. "काढ रे. देव काही रुसत नाही. मी सांगते त्याले."

त्यांनी हात जोडले, काचेपाशी वाकून देवाला हळूच काय ते सांगितलं. भाऊंचं समाधान झालं नाही. नारळाशिवाय देवाचं काही काढणं त्यांना पटेना. नारळ आणला, पुढच्या चाकाशी फोडला, आणि मग हितेंद्रने देवाचा फ्यूज काढला. चक्र विझलं. सगळी गल्ली मीटरवर वाकली.

आकडा केसभर हलला आणि परत तिथेच बसला. देव निर्दोष सुटला. नारळ मात्र गेला होता.

हितेंद्रने फ्यूज घाईघाईने परत बसवला आणि आता दुसरं काही उरलंच नाही म्हणून शेवटचा, आतल्या दिव्याचा, काढला. भाऊ मीटरजवळून म्हणाले, "शून्य." मग कुणाचा विश्वास बसेना म्हणून नानांनीही वाकून शून्य पाहून घेतलं.

हितेंद्र सीटवर तसाच बसून राहिला. दिवा विझलेला, आणि करंट पितोय दिवाच. वीस वर्षांच्या धंद्यात असा चोर त्याने पाहिला नव्हता, असं तो म्हणाला.

इकडे नारळ फोडला म्हटल्यावर प्रसाद वाटणं आलं, आणि नुसतं खोबरं काय हातावर ठेवायचं, म्हणून बाई केळी काढायला डिक्कीकडे गेल्या. दोनतीन दिवसांपूर्वी कौतिककडून आणलेल्या फण्या तिथेच होत्या. डिक्की उघडली, तर बाकी फण्या हिरव्यागार, आणि कोपऱ्यातली एक पिवळी धम्मक. तिच्या वरच्या केळ्याला तर काळा चट्टा पडलेला.

भाऊंना हेच पाहिजे होतं. ते तिथल्या तिथे सुरू झाले, की कौतिक दर खेपेला एक पिकेल फणी खपवतो, सख्ख्या बहिणीला, आणि आपण त्याला फोनवर दोनदा बोललो तरी त्याची खोड जात नाही.

बाईंनी ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. त्यांनी फणी उचलली, फिरवून पाहिली. त्यांचा जन्म केळीच्या घरातला.

"हे बागेत पिकेल नाही," त्या म्हणाल्या. "हिले वरून ऊब लागेल आहे."

फणी जिथे होती त्याच्या बरोबर वर, डिक्कीच्या कोपऱ्यात, एक छोटा बल्ब होता. हितेंद्र धावत गेला आणि शेवटचा फ्यूज परत बसवून आला. बल्ब लागला, म्हणजे तोही आतल्या दिव्याच्याच फ्यूजवर होता. डिक्की उघडी असताना तो लागणारच, त्यात नवल नव्हतं. हितेंद्रने डिक्कीच्या काठावरचं बटण बोटाने दाबलं, बल्ब विझला, आणि भाऊ पुढून ओरडले की आकडा पडला. बोट काढलं, आकडा चढला. मग त्याने झाकण चांगलं दणकन लावलं. आकडा चढलेलाच.

झाकण लागत होतं, पण बटणापर्यंत पोचत नव्हतं. त्याच्या आख्ख्या कडेला आतून फोमची जाड पट्टी चिकटवलेली होती. रावेरला केळी खोक्यात भरताना फण्यांमध्ये घालतात तोच पांढरा फोम, चार थर एकावर एक.

सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. फोम कौतिककडूनच आणलेला, आणि चिकटवणारे हात भाऊंचे. रस्त्याच्या खड्ड्यांत झाकण आपटून केळ्यांना डाग पडू नयेत, म्हणून त्यांनी एक आख्खी दुपार खर्चून ते काम केलं होतं. काम इतकं पक्कं होतं, की फोम उखडायला हितेंद्रला ब्लेड घ्यावं लागलं.

"कौतिकले फोन लावा," पुष्पाबाई म्हणाल्या.

भाऊ फोन घेऊन आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. नानांनी पिवळ्या फणीतली दोन केळी खाल्ली आणि गोडीला उत्तम आहेत असं मत दिलं.

हितेंद्रने बॅटरी चार्ज करून दिली. शुक्रवारपासून गाडीला कुणी हात लावला नाही. भाऊंना एकदा हळूच किल्ली फिरवून बघायची फार इच्छा होती. बाईंनी बघू दिली नाही. ठरलं म्हणजे ठरलं, असं त्या म्हणाल्या. पण शनिवारी भाजीत त्यांनी मीठ दोनदा टाकलं, आणि कुणीही त्यांना तसं सांगितलं नाही.

रविवारी सकाळी भूपेंद्र आला. सोबत लोटनभाऊ, आणि लोटनभाऊसोबत गाडी ओढायचा दोर. उतरताच त्यांनी पत्र्यावर दोन बोटं वाजवली, टायर पाहिले, आणि दोर पायाशी ठेवला. ती तयारी पाहून भाऊ घरात जाऊन पाणी पिऊन आले.

पुष्पाबाई गाडीत बसल्या. काचेपाशी वाकल्या नाहीत, हात जोडले नाहीत. सरळ किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली. अशी चालू झाली, की शालिग्रामनाना दोन पावलं मागे सरले.

लोटनभाऊंनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं. मग खूश होऊन ते काचेजवळ आले. "अक्का, गाडी ते बठ्ठी झकास शे. मले आखो आवडनी. द्या मले."

भूपेंद्रचाही सूर बदलला. चालू गाडीला गिऱ्हाईक चांगलं मिळतं, असं तो सांगू लागला.

"बसा लोटनभाऊ. भूपेंद्र, तूही बैस. चक्कर मारून पाहा," पुष्पाबाई म्हणाल्या.

दोघं मागे बसले. भाऊ पुढे बसले. तलावाला एक फेरी झाली, मग गाडी हायवेला लागली. गाडीची परीक्षा मोठ्या रस्त्यावरच होते, हे लोटनभाऊंना पटलं. भुसावळ मागे पडलं तेव्हा मात्र त्यांनी विचारलं.

"अक्का, आपण कोठे जाई राहिनूत?"

"माह्या माहेरी. जेवा, मग भाव सांगा."

कौतिकने भरीत केलं होतं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. लोटनभाऊ पोटभर जेवले, केळीच्या सावलीत बाजेवर आडवे झाले, आणि उठल्यावर त्यांनी भावाचा विषय काढला नाही. निघताना कौतिकने डिक्कीत फण्या भरल्या. भाऊंनी त्या मोजक्या शब्दांत वाखाणल्या. पुष्पाबाईंनी किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली.

भूपेंद्र मागच्या सीटवर मांडीवर केळ्यांची पाटी घेऊन बसला होता. डिक्कीत मावली नव्हती. सावद्याला त्याने पाटी दुसऱ्या मांडीवर घेतली. मग म्हणाला, "आई, पुढच्या वेळी माहेरी जाशील तेव्हा मलाही सांग. मीही येईन."

"सांगीन," पुष्पाबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी जमेल असं नाही."