लाव्याची गवसणी

हिलोलाचा ताश्कंदहून फोन आला तेव्हा मी पलावसाठी गाजरं चिरत होते.

"आई, तुमची दोघांची सोय झाली. डोंगरातलं आरोग्यधाम, बारा दिवस, अगदी चिल्ल्यातले. नाही म्हणायचं नाही."

सुरी खाली ठेवून मी भिंतीला टेकले. मी कशाला नाही म्हणते? चिल्ल्याच्या चाळीस दिवसांत आमच्या मार्गिलानच्या भिंतीसुद्धा तापाने फणफणतात. आणि मी तीस वर्षं रेशमाच्या कारखान्यात मागापुढे उभी राहून गुडघे घालवून बसलेली बाई. लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढ्या उन्हाळ्यांत आम्ही दोघं मिळून गावाबाहेर गेलो असू, तर ते कुणाच्या तरी मयतीला. आधी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मग मुलं लहान, मग मुलांची लग्नं. आमचे हे भूगोलाचे मास्तर. जगातल्या नद्या तोंडपाठ, पण बायकोला एका नदीकाठी नेतील तर शपथ! 'निवृत्त झालो की जाऊ' असं म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि बेक घरात आला.

बेक म्हणजे ह्यांचा लावा पक्षी. मूठभर जीव, पण थाट नवाबाचा. वाळलेल्या भोपळ्याच्या पिंजऱ्यात राहतो, द्राक्षांच्या मांडवाला टांगलेला. पहाटे चारला 'पित-बिल्दिक, पित-बिल्दिक' करून अख्खी गल्ली उठवतो, एका दमात अकरा वेळा. चहाखान्यातली मंडळी दर शुक्रवारी आमच्या अंगणात येऊन बोटांवर मोजतात, माना डोलावतात, आणि चहा मी करायचा. गेल्या हिवाळ्यात बेकला थंडी वाजेल म्हणून ह्यांनी माझी उंटाच्या लोकरीची शाल मागितली. "जुनीच तर आहे," म्हणाले. मीही अशी मूर्ख की ती कापून पिंजऱ्याला गवसणी शिवून दिली, वर नाडीसुद्धा ओवली.

संध्याकाळी मी बातमी सांगितली. हे पिंजऱ्यावर पाणी शिंपडत होते.

"बारा दिवस?" शिंपडायचं थांबले. "मग बेकचं काय?"

मला ठाऊकच होतं. तरी अंगाचा तिळपापड झाला.

"एर्गाशअकांकडे ठेवा. भिंतीपलीकडे तर राहतात."

"एर्गाशकडे? अगं हिलोलाची आई, शुद्धीवर आहेस ना? त्याचा लावा आरवताना शेवटी घरघरतो. ऐकलंयस कधी? बेकने ती घरघर उचलली की संपलं. जन्माचं संपलं!"

"मग चहाखान्यात ठेवा."

"तिथे धूर असतो."

"हिलोलाकडे."

"तिच्याकडे मांजर आहे."

"मग काय, मी एकटी जाऊ?"

"तसं कुठे म्हटलं मी?" असं म्हणून पुन्हा पाणी शिंपडायला लागले. तसं म्हटलं नव्हतं, हे खरं. हे काहीच म्हणत नाहीत, तेच तर माझं दुखणं आहे.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात फक्त बेकच्या प्रवासाची आखणी चालली. निघायचं तर उजाडण्याआधी, ऊन लागता कामा नये. गाडीच्या काचा बंद. गाणी बंद. खोली पूर्वेकडची हवी, नाहीतर त्याला पहाट कळायची नाही. शेजारी कुत्रं नको. हे सगळं शाळेच्या जुन्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं. मी मुद्दाम वही चाळली. माझं नाव कुठेच नव्हतं. मला खालच्या मजल्यावरची खोली हवी, जिने चढवत नाहीत, हे मीच पेन्सिलीने शेवटी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर त्याखाली ह्यांनी लिहिलं होतं, 'तळमजल्यावर मांजरं येतात.'

मग ह्यांनी आरोग्यधामाला फोन लावला. मी शेजारीच बसले होते. पलीकडच्या बाई एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की मला वेगळं ऐकायची गरजच नव्हती.

"प्राणी आणता येणार नाही, अका. नियम आहे."

"प्राणी नाही हो, पक्षी आहे."

"पक्षी प्राणीच असतो."

"मी एकोणचाळीस वर्षं शाळेत शिकवलंय, बाई. मला सांगू नका."

"मग तर तुम्हाला माहीतच असायला हवं."

ह्यांनी फोन आपटला. "गाढव बाई आहे," म्हणाले. मला ती बाई फार आवडली.

दोन दिवस ह्यांनी वहीला हात लावला नाही. मला वाटलं, आता जाणं रद्द. मी हिलोलाला काय सांगायचं ते मनात जुळवायलाही लागले. तिसऱ्या दिवशी न्याहारीला हे एकदम खुशीत.

"जाऊ या. बेकला आत घालून नेतो."

"कशाच्या आत?"

"चापानच्या. माझे आजोबा लावा असाच छातीशी धरून बाजारात फिरायचे. काळोख आणि ऊब मिळाली की तो चिडीचूप बसतो. रिकामा पिंजरा पिशवीत. एकदा खोलीत पोचलो की कोण विचारतंय?"

"जुलै महिन्यात तो जाड अंगरखा घालणार? लोक वेडे म्हणतील."

"म्हणू देत."

मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगायचं तर मला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की त्यांनी बैल बरोबर आणला असता तरी मी गाडीत जागा करून दिली असती.

निघायच्या आदल्या दिवशी पिशवी भरली. एकच पिशवी, कारण दुसरी ओझी ह्यांना उचलवत नाहीत, असं हे म्हणतात. पिंजरा गेला, बाजरीची पुरचुंडी गेली, अंबाडीचे दाणे, पाण्याची वाटी, पिंजऱ्याभोवती ठासायला कापूस. माझे गुडघ्याला बांधायचे लोकरीचे पट्टे मावेनात.

"राहू दे गं, उन्हाळ्यात कशाला लोकर?" हे म्हणाले.

"डोंगरात रात्री गार पडतं."

"बारा दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी पट्टे परत पेटीत ठेवले.

प्रवासाचं फार सांगत नाही. काचा बंद, गाणी बंद, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि हे पुढच्या सीटवर कापूस भरलेल्या जाड चापानमध्ये घामाने निथळत बसलेले. नामंगान ओलांडलं तेव्हा टॅक्सीवाल्याने मला आरशातून विचारलं, "आपा, अकांना ताप आहे का?" मी म्हटलं, "आहे. सहा वर्षांपासून."

डोंगर लागले आणि मी ह्यांची परवानगी न घेता काच खाली केली. ती हवा! अक्रोडाच्या पानांचा वास, खाली कुठेतरी पाण्याचा आवाज. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "काच!" पुढून आवाज आला. मी ऐकलं नाही.

पण ह्यांच्या वहीत एक गोष्ट राहून गेली होती. आरोग्यधामात आधी खोली देत नाहीत. आधी डॉक्टर तपासतात, मग कुणाला चिखलाचा लेप, कुणाला गरम पाणी ते ठरतं, आणि मग किल्ली. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण आमचे हे कधी कुठे गेलेले असतील तर ना!

डॉक्टर तरुण होती, गुलबहोर नावाची, हिलोलाच्या वयाची. "अका, चापान काढा."

"थंडी वाजते."

"घाम तर गळतोय तुमचा."

"तसाच असतो मी."

तिने मान हलवली आणि चापानच्या कडेतून हात घालून छातीला नळी लावली. ऐकलं. कपाळाला आठी पडली. पुन्हा ऐकलं. घड्याळाकडे पाहिलं.

"अका, तुम्ही आत्ताच्या आत्ता आडवे व्हा. हे ठोके... मला मोजतासुद्धा येत नाहीयेत." ती दाराकडे वळून ओरडली, "परिचारिका! लवकर या!"

आणि तेवढ्यात ह्यांच्या छातीतून आवाज आला. "पित-बिल्दिक!"

डॉक्टरीणबाईंच्या कानांतून नळी गळून पडली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पळत आलेली परिचारिका भिंतीला धरून हसत सुटली. ह्यांनी निमूटपणे चापान उघडला आणि बेकला ओंजळीत घेऊन बाहेर काढलं.

"धरताना सांभाळा," हे त्या डॉक्टरला म्हणाले. "त्याचा डावा पाय जरा अधू आहे. पिल्लू असताना जाळ्यात अडकला होता."

डॉक्टर हसतच माझ्याकडे वळली. तिने मला खुर्चीत बसवलं, रक्तदाब घेतला. एकदा घेतला, परत घेतला. मग तिचं हसू गेलं. "आपा, एकशे पंच्याऐंशी. कधीपासून आहे हे?"

"असतो तसा," मी म्हटलं.

ती ह्यांच्याकडे वळली. "ह्या कुठल्या गोळ्या घेतात?"

"पांढऱ्या," हे म्हणाले.

"रात्री किती वेळा उठतात?"

ह्यांनी बेकच्या पिसांवरून बोट फिरवलं.

"कुठला गुडघा जास्त दुखतो?"

"उजवा."

"डावा," मी म्हटलं. "डावा गुडघा! नऊ वर्षं झाली. लाव्याचा डावा पाय तुम्हाला ठाऊक आहे, नाही का?"

बेक ह्यांच्या ओंजळीतून मान वर करून बघत होता. डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "आपांना विश्रांती हवीच आहे, मी त्यांना इथून पाठवणार नाही. पण पक्षी आजच्या आज बाहेर. तुम्ही काय ते ठरवा."

आणि ह्यांनी ठरवलं. खाली टॅक्सीवाला परतीच्या गिऱ्हाइकांची वाट बघत होता. ह्यांनी पिशवीतून माझे कपडे काढून बाकावर ठेवले, पिंजरा घेतला, बेकला आत ठेवलं, जाळी नीट बांधली. "तू राहा," एवढंच म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पहिले दोन दिवस मी नुसती संतापलेली होते. चिखलाचा लेप लावून पडले की तोंडातल्या तोंडात त्यांना शिव्या द्यायची. जेवणाच्या टेबलावरच्या बायकांनी विचारलं, "यजमान कुठे?" म्हटलं, "पक्ष्याकडे." कोकंदची एक जाडजूड बाई म्हणाली, "माझा तर दुसऱ्या बाईकडे आहे, बहिणी. तुझं बरं चाललंय." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण खोलीत दुसरी गादी तशीच घडी न मोडलेली. पहाटे चारला कुणी उठवलं नाही तरी जाग यायची, आणि त्याचाही राग यायचा. रात्री खरंच गारठा पडे. डावा गुडघा सुईने टोचल्यासारखा ठणकायचा, आणि लोकरीचे पट्टे घरी पेटीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अक्रोडाखालच्या बाकावर बसले होते. फाटकातून हे आत आले. चापान नाही, पिंजरा नाही. हातात फक्त एक पुडकं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन टेकले.

"बेक?" मी विचारलं.

"एर्गाशकडे." मग म्हणाले, "आज सकाळी फोन केला होता त्याला. घरघरायला लागलाय."

त्यांच्या चेहऱ्यावर घरात कुणी गेल्यासारखी कळा होती. वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

"हे आणलंय," त्यांनी पुडकं पुढे केलं. "गुडघ्याला. तू म्हणाली होतीस ना, रात्री गार पडतं."

मी पुडकं सोडलं. आत बेकच्या पिंजऱ्याची गवसणी होती. नाडीसकट.

"अहो, माझे पट्टे पेटीत होते! निळ्या पेटीत, वरच!"

"कुठली निळी पेटी?" ते म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "दोन तास शोधलं. घरात लोकरीची एवढीच वस्तू मला ठाऊक होती. आणि... तुझीच शाल आहे ना ती."

चौतीस वर्षं ज्या घरात माणूस राहिला, तिथली निळी पेटी त्याला माहीत नाही. मला ओरडायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण ते बाकावरून उतरले, कुरकुर करत जमिनीवर गुडघे टेकले, गवसणीची नाडी सैल केली, आणि हात माझ्या उजव्या पायाकडे नेला. मी मुद्दाम काही बोलले नाही.

हात थांबला.

"डावा," ते स्वतःशीच म्हणाले, आणि गवसणी हळूहळू माझ्या डाव्या गुडघ्यावर चढवली. नाडी आवळली तेव्हा आतून बाजरीचे दोन-तीन दाणे माझ्या चपलेवर पडले.