उलटी चप्पल

"बघ गो, तुझा घोव बाईच्या पायाशी बसलाय!" डोक्यावरची मासळीची टोपली सावरत येसूबाई खदाखदा हसली.

राजश्रीला दिसत होतंच. मुरुडच्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूत तिचा नवरा नितेश गुडघे टेकून बसला होता. समोर शमिका मॅडम एका पायावर तोल सांभाळत उभ्या, आणि त्यांचा दुसरा बूट नितेशच्या हातात. ज्या बँकेत तो शिपाई, तिथल्याच त्या साहेबीण. पण सकाळी पळायला येणाऱ्या मंडळींत साहेब नितेशच. नुसता तळ बघून तो बुटाची कुंडली मांडतो म्हणे.

"मॅडम, हे गेले आता," तो सांगत होता. "वरून नवे दिसतात हो, पण तळ बघा. टाच एका बाजूनं खाल्लीय. दाबलं तरी फोम उसळत नाही. डावा गुडघा दुखतो ना तुमचा? जिना उतरताना?"

"अय्या! कसं ओळखलंत दादा?"

अय्या म्हणे! राजश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिचा गुडघा ह्याला बुटातून दिसला. आणि आपण रोज झोपताना निलगिरीचं तेल चोळतो ते काय हौस म्हणून? एका छपराखाली राहून मेल्याला तेलाचा वास येत नाही?

त्या दिवशी ती गिऱ्हाइकांशी धड बोललीसुद्धा नाही. एक बाई बांगडा दाबून दाबून बघायला लागली, तर तिच्यावर खेकसलीच. मनात एकच चाललं होतं. ह्यानं एकदा, फक्त एकदा, आपल्याकडं तसं बघायला हवं.

संध्याकाळी ती हर्णेच्या घरी पोचली तेव्हा नितेश पायरीवर बसून जुन्या दातांच्या ब्रशनं आपले बूट घासत होता. इतक्या मायेनं त्यानं पोरांचे दातही कधी घासले नव्हते.

राजश्रीनं चपला काढल्या. डाव्या पायातली उलटी करून मुद्दाम त्याच्या पुढ्यात ठेवली. एवढा तळ ओळखणारा ना? ओळखू दे की!

नितेशनं मान वर केली नाही. पायाच्या अंगठ्यानं चप्पल सुलटी केली.

"उलटी ठेवू नये गो. घरात भांडणं होतात."

तिनं पुन्हा उलटी केली. त्यानं पुन्हा सुलटी केली. तिसऱ्यांदा मात्र ती चपलेशेजारी फतकल मारून बसली.

"होऊ देत भांडणं! तेवढ्यासाठीच ठेवलीय. बघा तरी एकदा."

आता कुठं ब्रश थांबला. त्यानं चप्पल हातात घेतली. पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली होती. टाचेची एक कड झिजून कागदासारखी झाली होती. तिच्यावरून अंगठा फिरवताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"डावा गुडघा," तो हळूच म्हणाला. "कधीपासून दुखतो?"

याच प्रश्नासाठी ती सकाळपासून झुरत होती. सकाळपासून कसली, वर्षानुवर्षं. पण त्या प्रश्नाबरोबर एका पायावर उभी राहिलेली शमिकाही डोळ्यांपुढं आली.

"तुमच्या मॅडमच्या आधीपासून," ती म्हणाली.

नितेशनं ब्रश बाजूला ठेवला. मग घाईघाईनं म्हणाला, "उद्या दापोलीला जाऊया. तुझ्या मापाचे चांगलेसे—"

"लिलाव सुरू होईल. बोटी लागल्या."

तिनं त्याच्या हातातली चप्पल घेतली, पायात सरकवली, रिकामी टोपली कमरेला लावली आणि बंदराची वाट धरली.

तो मागून बघत होता. वळून न बघताही तिला ते कळत होतं. पळणाऱ्यांची चाल बघावी तशी तो आज तिची चाल बघत होता. कालपर्यंत एवढ्यानंही ती हरखून गेली असती. आत्ता तिनं ओठ घट्ट मिटले. कळ कमरेपर्यंत जात होती, तरी डावा पाय सरळ टाकला, आणि रस्ता वळेपर्यंत त्याला लंगडणं दिसू दिलं नाही.