कुरामोचींची चाळण

मी चाळण आहे, कुट्टूच्या पिठाची. माझं बोलणं गोड नाही, आधीच सांगते.

जपानात, नागानोच्या डोंगरात एका कारागिरानं देवदाराची पट्टी वाफेवर वाकवून माझं कडं केलं आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांची जाळी ताणली. तेव्हापासून चाळीस वर्षं मी कुरामोचींच्या सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या शेवयांच्या, दुकानात आहे. रोज पहाटे पीठ आधी माझ्यातून पडणार, मग पाणी, मळणं, लाटणं आणि शेवया कापणं.

सारंगेरेल मंगोलियातून आली. नाव कुणाला घेता येईना, म्हणून सगळे तिला सारा म्हणत. तीन वर्षं तिनं भांडी घासली, मुळे किसले. मग एकदा मी तिच्या हाती आले. जाळीवरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "घोडा म्हातारा होता." मला असं कुणी ओळखलं नव्हतं.

ती मास्क लावून चाळायची. मालकांना ते खपेना. नाक झाकलं की पीठ कळत नाही, असं ते सगळ्यांनाच सांगत. तिला मात्र वर ऐकवलं, "तसंही परक्या नाकाला काय कळणार म्हणा."

तिनं मास्क कचऱ्यात टाकला. वर्षभरात नुसत्या वासावरून ती पीठ कुठल्या उतारावरचं ते सांगू लागली. मालक कौतुकाचा शब्द बोलले नाहीत. पण रोजचं गिऱ्हाईक, चटया विणणारा उशियामा एकदा म्हणाला, "काय मालक, आज शेवया मंगोलियातून मागवल्या वाटतं?" तेव्हा त्यांनी त्याला झापलं, "शेवयांची टोपली चाटूनपुसून साफ केलीस आणि वर तोंड करतोस?"

मग तिचे डोळे लाल व्हायला लागले. छातीतून शिट्टी वाजायची. मालकीणबाईंनी विचारलं तर म्हणायची, थंडी बाधलीय. दवाखान्यातून तिनं चिठ्ठी आणली. या पिठाची धूळ तिला चालत नव्हती, काम सोडायला सांगितलं होतं. ती चिठ्ठी तिनं घडी घालून माझ्याच खुंटीमागे खोचली.

कारण मालकांना मूलबाळ नाही. त्यांनी शब्द दिला होता, वर्षाच्या शेवटच्या दिवशी सगळं पीठ तू एकटीनं कर. गिऱ्हाईक कुरकुरलं नाही तर वसंतात दारावरचा पडदा तुझा, दुकानाच्या नावासकट. तिनं आईला कळवूनही टाकलं होतं.

तो दिवस उजाडला. वर्ष सरताना शेवया खायची इथली रीत, बाहेर रांग लागली. दोन घाणे उत्तम झाले. तिसऱ्याला तिचा हात थांबला. मी धूळ धरून ठेवायला बघत होते, पण चाळणीला काय धरता येतं? ती माझं कडं धरूनच खाली गेली. ओठ निळे पडले.

मालक म्हणाले, "सारा, ऊठ, माणसं ताटकळलीत." मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं.

तिला गाडीतून नेल्यावर मालकीणबाईंना चिठ्ठी सापडली. "अहो, ही आठ महिन्यांपूर्वीची आहे," त्या म्हणाल्या. "पोरीचा मास्क तुम्ही काढायला लावलात."

मालकांनी दारावरचा पडदा उतरवला, दुकान बंद केलं. तो अजून लागलेला नाही.

सारा वाचली. आता खालच्या गल्लीतल्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालते. जानेवारीच्या दहा तारखेला ती आली आणि काचेबाहेर बर्फात नमस्काराला वाकून उभी राहिली. मालक होते तसेच धावत बाहेर गेले. दुकान बंद असलं तरी सवयीनं ते पहाटे मळतच होते, त्यांच्या अंगावर पीठ होतं. ती तीन पावलं मागे सरली. ते त्यांनी पाहिलं. अंघोळ करून, कपडे बदलून ते परत गेले तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.

आल्यापासून ते मला धुताहेत. मालक, पुरे करा. केसाकेसात पीठ बसलंय, ते निघायचं नाही. पंधरा तारखेला देवळापुढे नव्या वर्षाच्या माळा जाळतात, त्यात मला टाका. मला वाईट वाटणार नाही.

फक्त आधी वारा बघा. ती खालच्या गल्लीत राहते.