कोऱ्या फिल्टरातला धूर

तीस वर्षांत आपल्या हातून एक काचनळी फुटली नाही, हे प्रयोगशाळेचे मदतनीस नागोराव दर नव्या विद्यार्थ्याला ऐकवल्याशिवाय सोडत नसत. निवृत्तीला दोनच महिने उरले होते आणि पीएचडी करणारी पूर्णिमा डोळे पुसत मशीनपाशी बसली होती.

भर समुद्रावरच्या हवेतली धूळ तिने जहाजावरून फिल्टरांत धरून आणली होती. कॅल्शियम, ॲल्युमिनियम म्हणजे वाळवंटाची माती, सोडियम म्हणजे लाटांचं मीठ आणि पोटॅशियम म्हणजे बहुधा जळलेल्या लाकूडफाट्याचा धूर. फिल्टरांच्या तीन पेट्यांपैकी पहिल्या पेटीत पोटॅशियम भरपूर निघालं. जमिनीवरचा धूर हजार किलोमीटर आत पोचतो, हेच तर तिला प्रबंधात दाखवायचं होतं! पण प्रत्येक पेटीत एक कोरा फिल्टर असतो. तो हवा न ओढता तसाच परत येतो. त्यातही पोटॅशियम! म्हणजे ते समुद्रावरच्या हवेतलं नव्हतंच.

"सर म्हणाले, समुद्र राहू दे, आधी स्वतःचे हात धू. कारण सापडेपर्यंत बाकीच्या दोन पेट्या तपासायच्या नाहीत. तीन वर्षं पाण्यात गेली, काका."

नागोरावांना खंडेनवमी आठवली. त्या दिवशी पूर्णिमा सुटीवर असताना त्यांनी यंत्रांसोबत पेट्यांचीही पूजा केली होती. नुसत्या झाकणाला काय ओवाळायचं, म्हणून मानाच्या पहिल्या पेटीचं झाकण काढलं आणि बुधवार पेठेतली भारीतली उदबत्ती फिल्टरांवरून तीनदा फिरवली. पोरीला यश मिळावं, एवढंच मागितलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं.

जेवणाच्या सुटीत ते तिच्यापुढे उभे राहिले. "ताई, तो धूर माझा आहे." त्यांनी सगळं सांगितलं.

पूर्णिमा भडकली. "अहो काका, फिल्टर म्हणजे काय गणपती आहे?" मग एकदम थांबली. "बाकीच्या दोन पेट्या उघडल्या होत्या?"

"नाही. हातसुद्धा लावला नाही."

कारण सापडल्यावर सरांनी दुसरी पेटी तपासू दिली. तिच्यातला कोरा फिल्टर कोराच निघाला. समुद्रावरच्या फिल्टरांत पोटॅशियम होतं. थोडंसंच, पण खरं. नोंदवहीत पूर्णिमाने लिहिलं, 'पेटी एक बाद, कारण पूजेची उदबत्ती,' आणि वही नागोरावांपुढे सरकवली. त्यांनी खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

निरोपाच्या दिवशी त्यांनी काचनळीचं नावही काढलं नाही. नव्या विद्यार्थ्यांना ती नोंद स्वतः उघडून दाखवली आणि म्हणाले, "पूजा जरूर करा. पण झाकण लावून."