पायलनं स्टेटस टाकणं सोडलं

माझा नातू राजानंद याचं लग्न झालं, ते साल २०२४. हळदीत त्याची धाकटी बहीण पायल नाचली. कुणीतरी तो व्हिडिओ फिरवला आणि खाली लोकांनी नाही नाही ते लिहिलं. पायलनं इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप सगळं काढून टाकलं, बटणांचा फोन घेतला. बियाण्याच्या कारखान्यात तिच्यासोबत काम करणाऱ्या दोघींनीही तसंच केलं. पण पोरीला कुठं बसवत नव्हतं. हात सारखा फोनकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

आमच्या भावकीत कुणाचं स्टेटस दिसेनासं झालं, की त्यानं अबोला धरला असं समजतात. धावड्याला माझी थोरली बहीण चांगुणाबाई अंथरुणाला खिळली होती. पायलचा फोटो आणि जयभीम बघितल्याशिवाय ती सकाळी चहा घेत नसे. माझ्या सुनेच्या फोनवर तिचा फोन आला.

"भिवा, पोरगी रुसली का माझ्यावर? लग्नात मी तिला काळी म्हणले, म्हून?"

"न्हाई अक्का. तिनं सगळ्यांचंच बंद केलं."

"मला नको शिकवू."

सून पायलला म्हणाली, "एक फोटो टाक. म्हातारीचा जीव घुटमळून राह्यला."

"एक टाकला की मी परत त्यातच जाईन, आई." पायल घरभर फिरत राहिली. रविवारी मला घेऊन तिनं भोकरदनची एसटी धरली, तिथून जीप.

चांगुणाबाईनं तोंड भिंतीकडं केलं. "एवढा खर्चा कशाला? फोटो फुकट पडला असता."

"मंग फोटोलाच पाय दाबायला लाव, आजी."

पायल पाय दाबू लागली, तशी तिनं तोंड इकडं वळवलं. मग म्हणाली, "वर दाब, गुडघ्याला. पुढच्या ऐतवारी येशील?"

"येईन."

"न्हाई आलीस तर मीच तुला ब्लॉक करीन."

पायल दर रविवारी जाऊ लागली. एका रविवारी आम्ही भोकरदनला उतरलो आणि सुनेचा फोन आला. सर्जेरावनं, चांगुणाबाईच्या मुलानं, भावकीच्या ग्रुपवर पहाटेच टाकलं होतं. सुनेनं ते आत्ता बघितलं. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर निघेना. पायल स्टँडवर दिसेल त्याला विचारत सुटली, धावड्याला येता का, जल्दी चला.

माझी बहीण चांगुणाबाई रविवारी, १८ ऑगस्ट २०२४ रोजी पहाटे धावड्याला वारली.